निरोप ठेवलेला आहे

सावळदऱ्यात रॉंग नंबर ही भानगड कधी नव्हतीच, कारण नंबर कोणी सांगतच नसे. फोन उचलायचा, पलीकडून माझे वडील "बोला" म्हणायचे, आणि आपण नाव सांगायचं. पुढचं सगळं बाबा बघून घेत.

बाबा म्हणजे भीमराज ऑपरेटर. डोंगरकडा गावाहून आत वळलं की आमचं गाव, आणि तिथल्या पंचवीस फोनांच्या एक्स्चेंजचा बोर्ड बाबांच्या ताब्यात. कोणी फोन उचलला की बोर्डावरची त्याची झडप खट्कन पडे. बाबा दोरीचं एक टोक त्या भोकात खोचत आणि दुसरं टोक जिथं हवं ते माणूस सापडेल तिथं. त्या माणसाचा फोन जिथं असेल तिथं नव्हे बरं का, ते माणूस जिथं असेल तिथं. आमचे सोनाजीकाका बाजारच्या दिवशी इब्राहीमचाचांच्या सायकल दुकानात बसतात हे बाबांना पाठ होतं, म्हणून काकांचा फोन आला की दोरी सरळ दुकानात. गावात फोन पंचवीस होते, पण फोन यायचे हजार माणसांना. घर सोडताना लोक खिडकीतून बाबांना सांगून जायचे, "भीमराज, आज मी पुसेगावला चाललो, संध्याकाळच्या गाडीनं येतो." बाबा मान हलवायचे. लिहून कधी घेतलं नाही.

त्यांची एक पद्धत होती. माणूस सापडलं नाही तर ते कुठं आहे हे सांगायचंच. "वरच्या शेतात हायेत, चारला लावा." कोणाला मुद्दाम बोलायचंच नसलं, तर बाबा फक्त "घरी न्हाई" म्हणायचे आणि गप्प बसायचे. ठिकाण सांगितलं नाही की पलीकडच्याला कळायचं, नाद सोडावा. पंचक्रोशीत हे पोरासोरांना माहीत होतं.

आणि दुसरी पद्धत निरोपाची. कोणी निरोप ठेवून गेलं असेल तर बाबा म्हणायचे, "निरोप ठेवलेला हाये." पलीकडच्यानं "द्या" म्हणायचं, की बाबा शब्दाला शब्द सांगायचे, स्वतःचं काही न घालता. इब्राहीमचाचांच्या मदीनाबी पहिल्यांदा आजी झाल्या तेव्हा "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत" हा निरोप बाबांनी आठ नातेवाइकांना आठ वेळा दिला होता. चाचांना दुकानातून उठावंही लागलं नाही.

या सगळ्यावर एक नियम होता. कानावर येईल ते येईल, तोंडातून जाणार नाही. बाबांचा या नियमाचा तोरा असा, की जणू घटना समितीनं तेवढं एक कलम त्यांच्यावर सोपवलं होतं.

तो नियम माझ्या भावानं मोडला.

धम्मदीपदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबा जेवायला घरी यायचे तेव्हा तो बोर्डावर बसायचा. घर म्हणजे एक्स्चेंजच्या खिडकीसमोर तीस पावलांवर. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात इब्राहीमचाचांच्या धाकट्या उझ्माचं लग्न ठरलं होतं. एका दुपारी मुलाकडचे दोघं आमच्या बोर्डावरून फोनवर बोलत होते, की पोराची नोकरी कधीच सुटली आहे, निकाह होईपर्यंत कोणी तोंड उघडू नका. दादानं ते ऐकलं. बोर्डावरून उठला आणि सरळ चाचांना जाऊन सांगितलं.

लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी बाबांच्या नावानं वर तक्रार केली. चौकशी लागली. आणि पुढच्या बाजारच्या दिवशी, सायकल दुकानासमोर, भरल्या बाजारात बाबांनी दादाच्या कानाखाली वाजवली. एकोणीस वर्षांच्या पोराला, अख्ख्या गावादेखत.

चाचा मधे पडले. "भीमराजभाई, बच्चे ने मेरी बेटी को बचाया, आन तुमी त्यालाच मारून राहिले?"

"तुमची लेक वाचली, चाचा," बाबा म्हणाले, "पण आजपासून लोक बोर्डावर बोलायला भिणार."

"मी खोटं सांगितलं का?" दादानं विचारलं.

"खरं-खोटं तुला कोणी पुसलं? तू ऐकलंस काहून?"

दादा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेला. मला अजून वाटतं की त्या दिवशी दोघंही बरोबर होते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. एक जण तरी चुकीचा असता, तर घरात कोणाला तरी माफी मागता आली असती.

मायनं थयथयाट केला नाही. माझी माय, मालनबाई, तशी फटकळ बाई. शेजारणीची कोंबडी ओट्यावर आली तरी तास तास बोलायची. पण दादा गेल्यावर तिनं एकच गोष्ट सुरू केली. रोज सकाळी घरातून निघताना ती एक्स्चेंजच्या खिडकीपाशी जायची आणि गावातल्या इतर लोकांसारखा आपला ठावठिकाणा बाबांना सांगायची. स्वतःच्या नवऱ्याला! "आज खालच्या शेतात निंदायला हाये. त्याचा फोन आला तर सोनाजीभाऊजींच्या शेतातल्या आखाड्यावर लावा, तिथून मला हाक येती." दुसऱ्या दिवशी, "आज मदीनाबीकडं शेवया करायला चालले. तिथंच लावा." त्याचा म्हणजे कोणाचा, हे ती सांगत नव्हती आणि बाबा विचारत नव्हते. ते मान हलवायचे.

असं सव्वा वर्ष गेलं.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत एका दुपारी मी बाबांची भाकरी घेऊन एक्स्चेंजमध्ये गेले. जेवायला घरी येणं त्यांनी सोडलं होतं, कारण बोर्डावर बसवायला आता कोणी नव्हतं. मी पोचले तेव्हा ते नांदेडच्या ट्रंकवर, म्हणजे बाहेरगावच्या लाइनवर होते. "कोण पायजे?" त्यांनी विचारलं. मग पलीकडचं ऐकून ते थांबले. एवढे थांबले की मी भाकरी ठेवता ठेवता वर पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"घरी न्हाई," ते म्हणाले. आणि दोरी उपटली.

"कोणाचा होता?" मी विचारलं.

"रॉंग नंबर."

सोळा वर्षांची होते, बावळट नव्हते. ज्या गावात नंबरच नाहीत तिथं रॉंग नंबर कुठून येतो, हे मला तेव्हाही खटकलं. पण बाबांनी भाकरीचं फडकं सोडलं, कांदा मागितला, आणि मी कांदा आणायला घरी पळाले. माय ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी फडताळातून कांदा घेतला, तिनं मला हात धुवायला लावले, आणि ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेली. ते मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

शहाण्णवला ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. फ्रिजएवढं कपाट, त्यावर हिरवे दिवे, आणि बोर्ड ट्रकमध्ये घालून घेऊन गेले. गावाला नंबर मिळाले. लोक खूश. एकटे बाबा सोडून. त्यांना कळमनुरीला तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर बसवलं. आमच्या घरी सरकारी फोन लागला, सहा आकडी. माय त्या फोनकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहायची. "त्याला हा नंबर कसा ठावा असंल?" ती म्हणायची. "त्याला माझं नाव ठावं हाये."

आणि तरीही रोज निघताना ती बाबांना सांगायची, आज कुठं आहे ते. ना बोर्ड, ना खिडकी. बाबा कळमनुरीच्या गाडीसाठी घाईत असायचे, तरी उभे राहून ऐकायचे. मला वाटायचं, दोघंही खुळावलेत.

दोन हजार चारच्या पोळ्यानंतर माय गेली. कावीळ झाली होती, नांदेडला नेलं, उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी तिनं दवाखान्यातल्या खाटेवरून बाबांना विचारलं, "फोन आलता का?" बाबा म्हणाले, "न्हाई." ती म्हणाली, "असू द्या, येईल." यापुढचं मी लिहीत नाही.

मी तोवर हिंगोलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. हिंगोली नुकती कुठं जिल्हा झालेली, आणि जिल्हा झाल्याबरोबर जे पहिलं पीक आलं ते इंटरनेट कॅफेचं. बाबा निवृत्त होऊन सावळदऱ्यात एकटे. मी त्यांना एकदा क्लासवर आणलं, मशीनसमोर बसवलं आणि एका वर्तमानपत्राचं नाव टाकून दाखवलं. पान उघडलं.

"नंबर न्हाई लावला?" बाबांनी विचारलं.

मी मास्तरीण, मला विचारलं की ज्ञानाचा पाझर फुटतो. मी सांगितलं की प्रत्येक मशीनला नंबरच असतो, पण माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नाव टाकतो. मग मधे एक वहीवालं मशीन असतं, ते नावावरून नंबर शोधून देतं. त्याला सापडलं नाही तर ते दुसऱ्या वहीवाल्याला विचारतं.

बाबा पडद्याजवळ वाकले. "म्हंजे ऑपरेटर काढला न्हाई," ते म्हणाले. "आत लपवून ठेवला."

त्या दिवसापासून त्यांनी माझा पिच्छा पुरवला. गावाचं नाव त्या वहीत पाहिजे. सावळदरा. कोणी कुठूनही सावळदरा म्हटलं की लाइन आपल्याकडे आली पाहिजे. कोण म्हणणार आहे सावळदरा, असं मी विचारलं नाही, कारण उत्तर दोघांनाही माहीत होतं. दोन हजार सहात मी गावाच्या नावाची वेबसाइट केली. बाबांनी त्यासाठी पाच वह्या भरल्या. गावातलं प्रत्येक माणूस, नावानं, आणि ते कोणत्या वेळी कुठं सापडतं. नंबर एकाचाही नाही. "सोनाजी, बाजारच्या दिवशी इब्राहीमचाचांचं दुकान, एरवी आखाडा." "मदीनाबी, सकाळी घरी, दुपारी बचत गटात." मी सगळं मराठीत टाइप केलं. खाली फक्त आमच्या घरच्या फोनचा नंबर घातला. मायचं नाव घालू का, असं मी विचारलं, तर बाबा उठून बाहेर गेले.

रोज सकाळी आठला त्यांचा फोन. "कोणी आलं का?" पानावर मोजणी लावली होती. पहिल्या महिन्यात तीन जण आले. त्यातली एक मी, आणि एक मीच, कॅफेतल्या दुसऱ्या मशीनवरून. तिसरं कोण, यावर बाबा आठवडाभर आशा लावून बसले. तो माझा विद्यार्थी निघाला. मग मी त्यांना आकडे सांगणं बंद केलं आणि ते विचारतच राहिले.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मला क्लासनं पुण्याला एका कार्यशाळेला पाठवलं. तिथं एका प्राध्यापकांनी नवीन कल्पना सांगितली, जगात कुठं कुठं तिच्यावर काम सुरू आहे म्हणाले. नंबर काढूनच टाकायचे. मशीनचा पत्ता विचारायचाच नाही, जे हवं आहे त्याचं फक्त नाव घ्यायचं. जाळंच ते नाव पुढं पुढं नेतं, आणि वाटेत ज्याच्याकडे ती गोष्ट असेल तो देतो. बाकीचे वह्या भरून घेत होते आणि मी रडत होते. शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली.

घरी आल्यावर मी बाबांना ते सांगितलं. मला वाटलं, खूश होतील, "हे तर आमी करतच व्हतो" म्हणतील. म्हणालेही. पण मग त्यांनी विचारलं, "ज्याची मूळ गोष्ट हाये, तोच बंद पडला असला तर?"

"तरी चालतं. वाटेत कोणाकडं तिची प्रत असली की झालं. तो देतो."

"मूळ माणूस नसलं तरी?"

"नसलं तरी."

बाबा ओट्यावर बसले होते, माय तूर निवडायची त्याच जागी. त्यांनी पंच्याचं टोक तोंडाला लावलं आणि पंच्याण्णवच्या फेब्रुवारीतली ती दुपार मला सांगितली. नांदेडच्या ट्रंकवर दादा होता. "मालनबाईंना द्या," म्हणाला. बाबांनी आवाज ओळखला, त्यानंही ओळखला असणार, पण त्यानं "बाबा" अशी हाक मारली नाही. ऑपरेटरशी बोलावं तसं बोलला. त्या एका गोष्टीनं बाबांचं डोकं फिरलं. "घरी न्हाई" म्हणाले, ठिकाण सांगितलं नाही, दोरी उपटली.

"त्याला वाटलं असंल, मायलाच बोलायचं न्हाई," बाबा म्हणाले. "त्याला सगळं ठावं व्हतं. बोर्डावर बसलेलं पोरगं ते. मला वाटलं, उद्या पुन्हा लावंल. न्हाई लावला."

मी त्यांना खूप बोलले. कोणत्याही मुलीनं बापाला बोलू नये ते सगळं बोलले. मायनं नऊ वर्षं रोज सकाळी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही तोंड शिवून ऐकलंत, असंही म्हटलं. शेवटी बाबा म्हणाले, "सपना, तिचं नाव घाल त्या पानावर. तिचा निरोप हाये माझ्यापाशी."

मी त्याच आठवड्यात एक ओळ वाढवली. "मालनबाई, भीमराज ऑपरेटरची. निरोप ठेवलेला आहे."

जून गेला, जुलै गेला. बाबांनी "कोणी आलं का" विचारणं सोडलं होतं आणि मला ते विचारण्यापेक्षा जास्त छळत होतं. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी गावी होते. सकाळचे अकरा असतील. घरातला तो जुना फोन वाजला. सगळ्यांच्या हातात मोबाइल आलेले, तरी बाबांनी तो काढू दिला नव्हता.

नंतर कळलं की दादा सुरतेला एका कापड गिरणीत मशीन दुरुस्त करतो, आणि कारखान्याच्या ऑफिसात बसल्या बसल्या त्यानं सहज गावाचं नाव टाकलं होतं. त्या वेळी यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबांनी रिसीव्हर उचलला आणि सवयीनं म्हणाले, "बोला."

पलीकडून कोणी बोललं नाही. बाबांनी फोन ठेवलाही नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि मी उठून उभी राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा बोर्डाचा नियम मोडून मी माझा कान रिसीव्हरच्या मागच्या बाजूला टेकवला.

"मालनबाईंना द्या," आवाज म्हणाला. जाडसर झाला होता, पण तोच.

"घरी न्हाई," बाबांच्या तोंडून गेलं. मग ते घाईनं, लाइन तुटेल अशा भीतीनं म्हणाले, "मालन गेली रे. पाच वर्षं झाली. नांदेडच्या दवाखान्यात."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"निरोप ठेवलेला हाये," बाबा म्हणाले.

"द्या."

बाबा ताठ बसले. डोळे मिटले. त्यांचा आवाज बोर्डावरचा झाला, शब्दाला शब्द, स्वतःचं काही न घालता. "'आज कुठं जात न्हाई. घरीच तूर निवडून राहिले. त्याचा फोन आला तर खिडकीतून नुसती हाक मारा, मी पळत येते.'"

"कधीचा निरोप?" दादानं विचारलं.

"तू लावला व्हता त्या दिवसाचा. सकाळचा." मी बाबांचा हात धरला. "तीस पावलांवर व्हती ती, धम्मदीप. मी हाक मारली न्हाई."

पलीकडची यंत्रं चालूच होती. बाबांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. मग पूर्वी लांबच्या ट्रंकवर विचारायचे तसं, अगदी हळू त्यांनी विचारलं,

"लाइनवर हायेस ना?"

"हाये," दादा म्हणाला.